बारीक अक्षरं

"उघडतंय का गं हे, की तोवर अंघोळ करून येऊ?" बाबा कॉम्प्युटरकडे बघत पुटपुटले.

स्क्रीनवर नुसता पांढरा चौकोन होता. समोर तपासणीच्या खुर्चीत एक बसचालक हनुवटी टेकवून ताटकळला होता. "काय त्रास होतोय?" असं बाबांचं त्याला विचारून झालं होतं. प्रत्येक गिऱ्हाइकाला ते आधी हेच विचारत.

चष्म्याच्या दुकानाचा हा प्रोग्राम मुलीनेच लिहिला होता, त्यामुळे टोमणाही तिलाच. ती डोळे तपासायची परीक्षा पास झाली होती, पण तपासणीच्या स्टुलावर बाबांखेरीज कोणी बसायचं नाही. तिच्या वाट्याला कॉम्प्युटर आला होता.

उशिराचं कारण तिला ठाऊक होतं. प्रोग्राम आधी आतल्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरकडे जायचा. बाबांनी ठरवून ठेवलेला अक्षरांचा आकार, रंग, असली सगळी सेटिंग्ज घेऊन यायचा आणि मगच तोंड दाखवायचा. म्हणजे पाहुण्याला दारात उभं करून आत चादरी बदलण्यासारखी गत. तिने खपून ते उलटं केलं. स्क्रीनवर प्रोग्रामची खिडकी आधी उघडेल, सेटिंग्ज मागून येतील.

दुसऱ्या दिवशी बाबांनी बटण दाबलं आणि खिडकी फटकन उघडली.

"आई, ये लवकर! बघ!" मुलीने हाक मारली.

आई फ्रेमा पुसायचं फडकं घेऊन धावत आली. स्क्रीनभर गिऱ्हाइकांची नावं होती, सुबक, बारीक, एकाखाली एक. तेवढ्यात सेटिंग्ज पोचली. अक्षरं फुगली. इतकी फुगली की स्क्रीनवर एकच नाव उरलं, तेही आडनावाविना.

आईचं फडकं थांबलं. मुलीचं हसू तोंडावर तसंच राहिलं. बाबा अक्षरं मोठी करत आले होते, पण इतकी हळूहळू की घरात कोणाला जाणवलंच नव्हतं. आता रोज सकाळी आधीचं आणि आत्ताचं, दोन्ही पाठोपाठ दिसणार होतं.

पण बोलणार कोण? अख्ख्या वस्तीला नंबर काढून देणाऱ्या माणसाला? अलीकडे काही चष्मे चुकीच्या नंबरचे गेले, तेव्हा आई म्हणाली होती, भिंगं घासून देणाऱ्या काचवाल्याची चूक. मुलगी म्हणाली होती, काचवाल्याचीच. बिचारा काचवाला.

"तुझी ती खिडकी दचकते," बाबा म्हणाले. "आधीचंच बरं होतं. थांबेन मी, माझी कुठे गाडी चुकतेय?"

सोपं होतं. सेटिंग्ज येईपर्यंत खिडकी झाकून ठेवायची. मुलीने तेवढी ओळ लिहिली. तिच्याकडे बघत बसली. मग खोडून टाकली.

"नाही बदलणार, बाबा."

"का? जमत नाही?"

"जमतंय. पण झाकणार नाही."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते फ्रेमा लावायला लागले.

आठवड्याने दुकान उघडताच बसचालक नवा चष्मा हातात घेऊन परत आला. "डॉक्टर, हा घातला की रस्ता जास्तच पुसट होतो हो. बस भरलेली असते माझी. शेवटी काढून खिशात ठेवला."

"काचवाल्याची..." आईने सुरुवात केली आणि जीभ चावली.

बाबांनी बटण दाबलं. बारीक अक्षरं आली. ती जायच्या आत वाचायला ते पुढे वाकले, नाक काचेला टेकेपर्यंत. अक्षरं फुगली. ते तसेच वाकलेले राहिले.

मग सरळ झाले. स्टुलावरून उठले. बसचालकाला म्हणाले, "जरा उठता? तुमच्या आधी एक पेशंट आहे."

आणि स्वतः त्या खुर्चीत बसले. हनुवटी टेकवली. रिकाम्या स्टुलाकडे बोट केलं.

मुलगी बसली. स्टूल तिला उंच पडत होतं. आईने फडकं खांद्यावर टाकलं आणि दुकानातले होते नव्हते तेवढे दिवे लावले.

"काय त्रास होतोय?" मुलीने विचारलं, अगदी बाबांच्याच सुरात.

बाबांना हसू आलं. मग रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात ते म्हणाले, "मला दिसत नाही!"