दाजी नावाचा लेयर

"दार उघडं दाखवा," गोदामाच्या कंपनीचा अधिकारी म्हणाला आणि खुर्ची ओढून मास्तरच्या खांद्याशी येऊन बसला.

मास्तर काही शाळेत शिकवत नव्हता. ॲनिमेशन स्टुडिओतले बाकीचे आपल्या लेयरना, म्हणजे चित्रातल्या एकेका सुट्या थराला, 'नवीन', 'नवीन दोन', 'खरंच शेवटचा' असली नावं देऊन मोकळे होत. हा एकटा प्रत्येकाचं नीट बारसं करायचा, म्हणून मास्तर. आताही स्क्रीनवर सगळं शिस्तीत होतं. गोदाम, आग, धूर, दार, कुलूप. त्याखाली 'कामगार' नावाचा ग्रुप, त्यात सहा माणसं. गोदामाच्या आगीत गेली होती सात. सातवा लेयर ग्रुपच्या बाहेर होता, कारण दारावर हात आपटण्याची त्याची हालचाल मास्तरने वेगळी, जीव ओतून बसवली होती. त्याचं नाव 'दाजी'.

कंपनी बनवून घेत असलेली ही फिल्म आगीच्या चौकशी समितीपुढे लागणार होती. काम स्टुडिओत आलं तेव्हा मास्तरने ते मागून घेतलं. गेलेल्यांत आपल्या बहिणीचा नवरा आहे, हे कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्याच्या हाती गेलं तर काय दाखवतील देव जाणे. ताई लेकरांना घेऊन आता त्याच्याच घरी राहत होती. सकाळी निघताना तिने एवढंच विचारलं, "बाहेरून कुलूप होतं, ते दिसेल ना रे?" आणि हा पठ्ठ्या म्हणाला, "मी बसलोय ना, ताई."

बसला होता खरा.

त्याने 'कुलूप'समोरचं डोळ्याचं चिन्ह दाबलं. कुलूप नाहीसं झालं. मग दार फिरवून उघडं केलं. आता ती माणसं उघड्या दारासमोर उगाच ताटकळल्यासारखी दिसायला लागली.

"हे काही बरं दिसत नाही," अधिकारी म्हणाला. "समिती विचारणार, दार उघडं होतं तर बाहेर का नाही आले? घाबरले आणि उलटीकडे पळाले, असं करा."

"पण साहेब, सगळे दाराशीच सापडले ना?"

"तुम्ही होतात तिथे?" अधिकाऱ्याने शांतपणे विचारलं. "जमत नसेल तर तसं सांगा. तुमचे मालक दुसरा माणूस देतो म्हणालेत."

मास्तरच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण घरात आता त्याच्या एकट्याच्या पगारावर सगळ्यांचं चालायचं होतं. त्याने ग्रुप निवडला आणि फिरवला. सहाही जण एकदम वळले आणि आगीच्या दिशेने चालू लागले.

दाजी मात्र जागचे हलले नाहीत. ग्रुपबाहेर होते ना. दार उघडं असूनही तिथेच उभे राहून दोन्ही हात आपटत राहिले.

अधिकाऱ्याने लेयरचं नाव वाचलं आणि त्याला हसू आलं. "दाजींनाही घ्या की बरोबर. रुसून बसलेत बघा."

मास्तरने माउसने तो लेयर उचलला आणि ग्रुपमध्ये सोडला. दाजी वळले, सहा जणांच्या मागोमाग निघाले. पण ग्रुप फिरवला म्हणून आतल्या माणसाची स्वतःची हालचाल पुसली जात नाही. आगीकडे चालतानाही दाजींचे हात तसेच आपटत होते.

"हात... काढून टाकू का?" मास्तरने विचारलं.

"छे, राहू द्या. घाबरल्यासारखं वाटतं. छान आलंय."

फिल्म घेऊन अधिकारी गेला. मास्तर होता तिथेच बसून राहिला. थोड्या वेळाने फोन वाजला. ताईच होती.

"झालं का रे?"

"झालं."

"ह्यांना दाखवलंस ना?"

स्क्रीनवर फिल्म संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली होती.

"दाखवलं," मास्तर म्हणाला. "अजून हात आपटतायत, ताई."