बर्फाचं कलम

"या दोघींनाच पाठवा," गावचा मुखिया म्हणाला. "पाण्याच्या पाळीवरून बिनसल्यापासून एकमेकींशी बोलल्या नाहीत. आजच बऱ्या बोलतील!" सगळी बैठक हसली, यांगझोम आणि तिची शेजारीण पुंचोक सोडून.

लडाखच्या त्या गावात यंदा बर्फ जेमतेम पडला होता आणि सातूच्या शेतांना पाणी देणारं तळं तळाला गेलं होतं. मग म्हाताऱ्यांनी जुना उपाय काढला. दूरच्या हिमनदीतला काळा नर बर्फ आणि पांढरा मादी बर्फ आणून तळ्यावरच्या घळीत पुरायचा, म्हणजे तिथे नवी हिमनदी वाढते. मात्र वाटेत ओझं टेकवायचं नाही आणि चकार शब्द काढायचा नाही, नाहीतर कलम धरत नाही.

बर्फाच्या टोपल्या पाठीवर घेऊन दोघी परत निघाल्या आणि पहिल्याच वळणावर यांगझोमला दिसलं, पुढे चाललेल्या पुंचोकच्या बुटाची नाडी सुटली होती. खाली खोल दरी. ओरडावं तर गावाचं पाणी जाणार, गप्प राहावं तर ही बया जाणार. शेवटी तिने पुंचोकची बाही धरली. पुंचोकने डोळे वटारून हात झटकला. यांगझोमने पुन्हा धरली, ती थेट घळीपर्यंत सोडली नाही.

बर्फ पुरून त्यावर झाकायचा शेवटचा पेंढा पडताच यांगझोम किंचाळली, "भवाने, नाडी बांध आधी!"

पुंचोकने खाली पाहिलं. "अगं बाई! मला वाटलं, आताही भांडतेसच."

उतरताना दोघींची तोंडं गावात शिरेपर्यंत मिटली नाहीत. मुखियाने कपाळाला हात लावला. पुढच्या वर्षी आता कोणाला पाठवायचं?