आगबोटीच्या गाण्याची मूळ चाल

पूर्वी घरात रोज गायलं जाणारं आगबोटीचं गाणं मूळ चालीत ऐकवलंत तर स्मृती गेलेल्या कुमुदिनीबाई नवऱ्याला कदाचित ओळखतील, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून प्रभाकरपंत गाण्यांच्या कचेरीत आले होते.

“काका, आमचं यंत्र प्रत्येक ऐकणाऱ्याला गाण्याची रोज नवी चाल बांधून देतं. या गाण्याच्या चाळीस लाख झाल्या,” तिथल्या बाई म्हणाल्या. “मूळ चाल कुणी ऐकेना, म्हणून पुसली. पित्त शमवणारी चाल देऊ? खूप खपते.”

“राहू द्या. मीच गातो.”

घरी पंतांनी बायकोचा हात धरून गाणं सुरू केलं. पण वीस वर्षं रोज नवी चाल ऐकल्यामुळे त्यांच्या गळ्यातून दर खेपेला वेगळीच चाल निघाली. सगळ्याच गोड होत्या.

“छान गाता हो तुम्ही,” हात हळूच सोडवून घेत कुमुदिनीबाई म्हणाल्या. “आमचे हे मात्र अगदीच बेसूर गायचे.”