लेखी द्या

नागपूरच्या मिहानमध्ये, आयटी कंपनीत नोकरी करणाऱ्या मयुराला बायपोलरचा आजार होता. एका गोळीनं चार वर्षं तो ताब्यात ठेवला होता. यंदा विमा कंपनीनं तीच गोळी खर्च भरून देण्याच्या औषधांच्या यादीतून काढली.

"आधी ही स्वस्तातली घेऊन पाहा," धरमपेठेतल्या विमा ऑफिसातले साहेब म्हणाले. "पुन्हा झटका आला, तर जुनी मंजूर करू."

"म्हणजे मी आधी बिघडून दाखवू?"

"नियम आहे, मॅडम."

"मग हेच कागदावर लिहून द्या, सही-शिक्क्यासकट. तोवर मी हलत नाही."

ती समोरच ठाण मांडून बसली. साहेबांनी तीनदा पेन उचललं आणि तीनदा खाली ठेवलं. शेवटी त्यांनी पॉलिसीच्या फॉर्मवरचा नंबर पाहून तिच्या बाबांना फोन लावला.

गणपतराव हुडकेश्वरहून धापा टाकत आले, तसा मयुराचा धीर सुटला. पूर्वी ती दवाखान्यात असली की बाबा नातेवाइकांना "पोरगी पुण्याले गेली" असं सांगायचे. आता हाताला धरून घरी नेतील, असं तिला वाटलं.

"काका, समजवा तिले," साहेब हळूच म्हणाले. "सगळे लोक पाहून राहिले."

"पाहू द्या ना!" गणपतरावांचा आवाज अख्ख्या ऑफिसात घुमला. "माझ्या पोरीले बायपोलर आहे. तिची गोळी काहून बंद केली, हे मलेही लेखी पायजे. अन् मले बसाले एक खुर्ची द्या."