शपथ सुटायची सोय

भंडाऱ्याची परात फिरत फिरत शेवंताबाईपुढे आली आणि अडली.

आठ सदस्यांनी चिमूट उचलून कपाळाला लावली होती. दुपारी तहसीलदारांसमोर सरपंच कुलसुमभाभींच्या विरोधात हात वर करायचा. न केला तर बिरोबा पाहून घेईल. बिरोबावर एवढा भार टाकून आठही जण पोह्यांकडे वळले होते. अविश्वासाचा ठराव पास व्हायला नऊ हात लागत होते. नववा शेवंताबाईचा.

"उचला की," उपसरपंच भाऊसो म्हणाला.

"आमी देव मानत न्हाय."

"मानायला कोण सांगतंय ओ? नुसतं उचला."

"मानत न्हाय त्येची शपथ घिऊन काय उपेग? उद्या मोडली तर मला काय व्हायचं न्हाय."

हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. पोह्यांच्या बशा खाली आल्या.

तीन दिवस नऊ जणांचा मुक्काम हातकणंगल्याजवळच्या एका मंगल कार्यालयात होता. आषाढात लग्नं नसतात, म्हणून भाऊसोच्या मेहुण्यानं ते फुकट दिलं होतं. मागच्या सरपंचाला पाडताना गोवा दाखवला होता. पण तीन वर्षांत तिसरा सरपंच पाडायचा म्हटल्यावर माणूस हात आखडता घेतोच. बाईमाणूस एकटी शेवंताबाई. तिला नवरीची खोली दिली होती. कडी बाहेरून होती.

कुलसुमभाभींना पाडायचं तिच्या मनात नव्हतं. पंचायतीच्या सभेत तिला खुर्ची देणाऱ्या त्या पहिल्या सरपंच. आधीच्या दोघांच्या काळात ती दारात उभी राहून अंगठा द्यायची. पण तिचा पोरगा प्रसेनजीत भाऊसोच्या दूध संस्थेत टेम्पररी होता, आणि तीन दिवसांत भाऊसोनं त्याची चार वेळा चौकशी केली होती.

"मग तुमी मानतासा तरी कुणाला?"

"बाबासाहेबांला."

भाऊसोनं थोडा विचार केला. "मग घटनेचं पुस्तक आणा रं कुणीतरी."

मोटारसायकल गावाकडं पळाली. दीड तासानं पुस्तक आलं, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं. समाजमंदिराच्या कपाटातलं. पंचायतीच्या कामाला पाहिजे म्हटल्यावर बुद्धभूषण गुरुजींनी हौसेनं काढून दिलं होतं. काम पंचायतीचंच होतं. खोटं कुणी बोललं नव्हतं.

शेवंताबाईला वाचता येत नव्हतं. गुरुजी दर सव्वीस जानेवारीला त्यातलं वाचून दाखवायचे, तेव्हा ती सगळ्यांत पुढं बसायची. तिनं पुस्तकावर हात ठेवला आणि भाऊसो सांगेल तसं म्हणत गेली. हळू म्हटलं, म्हणून परत म्हणायला लावलं.

दुपारी ट्रॅक्स निघाली. गाव तीन किलोमीटरवर असताना भाऊसोचा मोबाइल वाजला. तो सात वेळा "व्हय साहेब" म्हणाला आणि त्यानं गाडी बिरोबाच्या देवळाकडं वळवायला सांगितली.

"बेत बदलला," तो मागं वळून म्हणाला. "आमदारसाहेबांचं आन् भाभींच्या मालकांचं जमलं. मला बाजार समितीवर घ्यालेत. सरपंच हाय त्येच ऱ्हाऊदे. कुणी हात वर करायचा न्हाय."

"आन् उचललेला भंडारा?" आठांतल्या एकानं विचारलं.

"नारळ फोडायचा, चुकलं म्हणायचं. द्येव काय आपल्याला आज वळखतोय व्हय?"

आठ जण आत गेले आणि पाच मिनिटांत मोकळे होऊन आले. भाऊसोनं खिडकीतून खोबऱ्याचा तुकडा पुढं केला.

"घ्या शेवंताबाई. तुमचीबी सुटली. तुमच्या मनासारखं झालं न्हवं?"

मनासारखंच झालं होतं. पण तिनं खोबरं घेतलं नाही.

"माझी नारळानं सुटत न्हाय."

"मग कशानं सुटती?"

तिनं मांडीवरच्या पुस्तकाकडं पाहिलं. "गुरुजींनी लई वाचून दाखवलंय. सोडवून घ्यायचं कुठं ऐकल्यालं न्हाय."

ट्रॅक्समध्ये हशा झाला. भाऊसोही हसला. मग हसणं थांबवून म्हणाला, "प्रसेनजीत बरा हाय न्हवं?"

दोन वाजता तहसीलदारांनी ठराव वाचला. बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत. अकरा सदस्यांत एकच हात वर झाला, कोपरात वाकलेला.

"बाई, चुकून झाला का?" तहसीलदार सभ्य होते. "खाली घेतला तरी चालेल. अजून लिहिलेलं नाही."

"न्हाय साहेब. लिवा."

कुलसुमभाभी शेजारच्याच खुर्चीवर होत्या. त्यांनी हात पाहिला, मग शेवंताबाईचं तोंड पाहिलं. पदराचं टोक शेवंताबाईच्या खुर्चीवर गेलं होतं, तेवढं ओढून घेतलं.

एक विरुद्ध दहा. ठराव फेटाळला. बाहेर हलगी वाजायला लागली, गुलाल उडाला. भाभींच्या गळ्यात पहिला हार भाऊसोनंच घातला. त्याच्या कपाळावर भंडारा तसाच होता, त्यावर गुलाल बसला होता.

"मनाला लावून घिऊ नगासा, भाभी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तुमी खुर्ची दिलासा. पर असल्यांच्या शब्दाचा काय भरवसा धरायचा?"