शालीची शेवटची ओळ

“आई, अगं पुन्हा टाका गळला!”

फोनमधला आवाज बसका होता, नाकातला.

“गळला तर गळला, आभाळ नाही कोसळलं,” उशीला टेकून बसलेली आई म्हणाली. “दोन ओळी खाली बघ. उजव्या सुईनं उचल आणि शिडी चढवावी तसा वर आण. सर्दी अजून गेली नाही वाटतं?”

“नाही गं. थांब, टाका शोधते.”

आईची स्वतःची बोटं संधिवातानं वाकडी झाली होती, हृदय थकलं होतं; कसलाही धक्का सोसणार नाही, असं डॉक्टरांनी घरात बजावलं होतं. अंथरूण धरल्यापासून हातातली विद्या जिभेवर तेवढी उरली होती. देवानं माणसाला कान दोन दिले. आईचे दोन्ही दिवसभर या फोनकडे लागलेले असत. शाल विणून झाली की लेकीनं ती घेऊन यायचं आणि आईच्या खांद्यावर घालायची, असं फोनवर ठरलं होतं.

घरात सून होती. कामाला वाघ. औषध वेळेवर, चादर स्वच्छ, पण बाई वाऱ्यासारखी. आईच्या नजरेला नजर न देता आली तशी जायची. फोनची वेळ झाली की “तुमचं मायलेकींचं चालू द्या” म्हणत स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची.

“तूही शीक की विणायला,” आई टोमणा मारायची. “सुया धरल्यानं हात झिजत नाहीत.”

“मला झारा धरता येतो तेवढं पुरे, अहो आई.”

आई हसायची. मग खोली रिकामी व्हायची आणि हसू कुठल्या कुठे जायचं. कुणीतरी घटकाभर जवळ बसावं, पाठीवरून हात फिरवावा. देवाजवळ तिचं आता एवढंच मागणं होतं.

शाल मात्र पुढे सरकत नव्हती. आज कड वाकडी, उद्या वीण सैल. चार बोटं विणायची आणि वीतभर उसवायची, असं चाललं होतं.

“सापडला टाका,” फोनमधून आवाज आला. “पण आई, वीण आवळलीय गं. उसवते थोडी.”

“नाही.” आई ताठ व्हायला गेली आणि तिला धाप लागली. “आता उसवायचं नाही. डॉक्टर सांगोत न सांगोत, माझं मला कळतं. टाके बंद करायला घे. एक सुई जाड घे, म्हणजे कड आवळत नाही. घेतलीस?”

“हं.”

“उजव्या सुईवर दोन टाके विण. डाव्या सुईच्या टोकानं पहिला उचल, दुसऱ्यावरून ओलांडून सोडून दे. जमलं?”

“जमलं. पण शाल झाली तरी मला लगेच निघता येईल असं नाही गं. इथं कामं...”

“उजव्या हातानंच विणलंस ना?”

“हो. तू सांगितलंस तसंच.”

आईनं डोळे मिटले.

“माझी लेक डावखुरी होती, सूनबाई. देवाघरी गेली ती, तिथून कोण परत येतंय? फोन ठेव, दार उघड आणि उरलेले टाके माझ्याजवळ बसून बंद कर.”