टॅम्सिनचा बिल्ला

यॉर्कच्या त्या खासगी शाळेचा ओपन डे होता. मुख्याध्यापक थॉर्लबी आम्हा पालकांना चहा पाजून तेच तेच ऐकवत होते. "सरकारी शाळेत पोरं गर्दीत हरवतात. इथं प्रत्येक मुलीला मी नावानं ओळखतो." मग शाळा दाखवायला दिलेल्या मुलीच्या कोटावरचा बिल्ला त्यांनी हळूच वाचला. "काय टॅम्सिन, खरं ना?"

"हो सर."

माणूस कसला, चालतीबोलती जाहिरात. ते पुढं गेल्यावर मी खवचटपणे विचारलं, "टॅम्सिन, हे 'हो सर' पाठ करून घेतात का गं तुमच्याकडून?"



"मी हिल्डा. टॅम्सिन नाताळातच शाळा सोडून गेली. सरांना कळतंय का बघायला तिचा बिल्ला मी लावते. आता मे उजाडला."